आईला कॅन्सर झालेल्या घराला गाव कसं सावरू शकतं? दीडशे धारांचा हिशेब

भेटायला सगळे येतात, पण उपचार आठ-नऊ महिने चालतात. तेवढे दिवस टिकेल अशी मदत कशी उभी करायची, कोणत्या योजना आधी बघायच्या आणि मोबाईलवर काय टाळायचं, याची सविस्तर माहिती.

समजा, आपल्याच आळीतलं एक घर आहे. दोन एकर रान, दोन गाया, दूध डेअरीला. घरात नवरा-बायको, म्हातारी सासू, दहावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा. बाईचं वय चाळीस-बेचाळीस. छातीत गाठ लागत होती, पण दुखत नव्हती म्हणून चार महिने अंगावर काढली. शेवटी तपासणी झाली आणि रिपोर्टमध्ये स्तनाचा कॅन्सर निघाला.

पहिल्या आठवड्यात त्या घरी पाय ठेवायला जागा नसते. कुणी बिस्किटचा पुडा घेऊन येतं, कुणी शहाळं. प्रत्येक जण उठताना एकच वाक्य बोलतो, "काही लागलं तर सांगा बरं का." बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण ते घर काही सांगत नाही. मागायची लाज वाटते, आणि नेमकं काय मागायचं हेही कळत नाही. तिसऱ्या महिन्यात चौकशी थांबते. चौथ्या-पाचव्या किमोपर्यंत एक गाय विकलेली असते, आणि दहावीतली मुलगी शाळा सोडून चूल सांभाळत असते.

हे टाळता येतं. त्यासाठी फार पैसा लागतोच असं नाही. कामाची वाटणी लागते, आणि ती पहिल्याच पंधरा दिवसांत ठरावी लागते.

उपचार किती दिवस चालतात?

मदत किती दिवसांची लागणार हे कळायला उपचाराचं वेळापत्रक समजून घेऊ. प्रत्येक पेशंटचा उपचार वेगळा असतो आणि तो डॉक्टरच ठरवतात. पण स्तनाच्या कॅन्सरमध्ये साधारण चित्र असं असतं.

आधी तपासण्या: गाठीचा तुकडा काढून तपासणं म्हणजे बायोप्सी, सोनोग्राफी, स्कॅन, रक्त. मग किमो. बऱ्याच पेशंटना दर २१ दिवसांनी एक याप्रमाणे सहा ते आठ किमो लागतात. ऑपरेशन किमोच्या आधी किंवा नंतर होतं. त्यानंतर गरज असेल तर रेडिएशन, ज्याला आपल्याकडे 'लाईट देणं' किंवा 'शेक देणं' म्हणतात. ते सोमवार ते शुक्रवार रोज, साधारण तीन ते पाच आठवडे चालतं. काहींना पुढे पाच वर्षं किंवा जास्त काळ रोज एक गोळी घ्यावी लागते.

आता आपल्या त्या घराचा हिशेब मांडू. दवाखाना लांबच्या शहरात आहे असं धरा. सुरुवातीच्या तपासण्यांना दहा दिवस. आठ किमो, प्रत्येक वेळी जाऊन-येऊन तीन दिवस, म्हणजे चोवीस दिवस. ऑपरेशनला दहा-अकरा दिवस. रेडिएशनला शहरातच राहावं लागलं तर महिनाभर. सगळे मिळून झाले ७५ दिवस. या ७५ दिवसांत बाई घरात नाही, आणि सोबत गेलेला नवराही घरात नाही.

गाईची धार दिवसातून दोनदा काढावी लागते. ७५ दिवसांच्या झाल्या १५० धारा. गाय थांबत नाही, डेअरीची गाडी थांबत नाही. शिवाय रानात रात्रीची लाईट आली की मोटर चालू करायला जायचं असतं, वैरण आणायची असते, म्हातारीच्या बीपीच्या गोळ्या असतात, मुलांचे डबे असतात. घर मोडतं ते इथे. दवाखान्याच्या बिलाची वाट कशी काढायची ते पुढे बघूच, पण या रोजच्या कामांसाठी कुठलीही सरकारी योजना नाही. ती फक्त शेजारी करू शकतात.

पद्धत आपलीच: सावड आणि इर्जिक

पूर्वी एखाद्याचं रान नांगरायचं राहिलं, बैल दगावला किंवा घरधनी आजारी पडला, की गावातले औत-नांगर एका दिवशी त्याच्या रानात उतरायचे. मालक फक्त जेवण घालायचा. याला इर्जिक म्हणायचे. सावड म्हणजे आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. ट्रॅक्टर आले तसं हे कमी झालं, पण जुन्या माणसांना विचारा, ते सांगतील.

सावडीची खुबी म्हणजे तिच्यात दिवस ठरलेला, काम ठरलेलं आणि माणूस ठरलेला. कॅन्सरच्या घराला मदत करतानाही हेच करायचं. दीडशे धारा एका घराला डोंगरासारख्या वाटतात. दहा घरांनी वाटून घेतल्या तर एका घराला पंधरा, आणि त्याही नऊ महिन्यांत. म्हणजे महिन्यातून दोन पाळ्यासुद्धा होत नाहीत. एवढं कुणालाही जमतं.

कसं करायचं, ते क्रमाने बघू.

१. एक माणूस नेमा. तो पेशंटच्या घरातला नसावा. शेजारची काकू, बचत गटाची अध्यक्ष, शाळेतले गुरुजी किंवा मंडळातला एखादा सरळ पोरगा चालेल. घरच्यांनी फक्त याच माणसाशी बोलायचं. दहा जणांना दहा वेळा तीच गोष्ट सांगण्यातून त्यांची सुटका होते.

२. एक वही करा. दवाखान्याच्या तारखा लिहा. त्यांच्यासमोर कामं लिहा: सकाळची धार, संध्याकाळची धार, वैरण, मोटर, दोन वेळचं जेवण, मुलांचा डबा, आजीचं औषध, सोबत कोण जाणार.

३. प्रत्येक कामापुढे नाव आणि वार लिहा. "बघू, जमेल तसं" असं लिहू नका. "मंगळवार सकाळ, पलीकडच्या आळीतला भाऊ" असं लिहा.

४. एक बदली नाव ठेवा. कुणाच्या घरी लग्न निघतं, कुणी आजारी पडतं. ऐनवेळी कुणाला फोन करायचा ते आधीच ठरलेलं हवं.

५. दर किमोच्या आधी वही पुन्हा बघा. २१ दिवसांचं चक्र आहे, त्यामुळे ते सोपं जातं.

आणि बोलायची पद्धत बदला. "काही लागलं तर सांगा" म्हणू नका. "वहिनी, मंगळवारची सकाळची धार माझ्याकडे, तुम्ही निघा बिनघोर" असं म्हणा. पहिल्या वाक्याने त्या घरावर मागायचं ओझं येतं, दुसऱ्याने त्यांचं एक काम कमी होतं.

घरचे कदाचित नको म्हणतील. कुणाचे उपकार नकोत, असं वाटणं साहजिक आहे. तेव्हा सावडीची आठवण द्या. गेल्या वर्षी त्यांनी कुणाच्या लग्नात भाकरी थापल्या असतील, कुणाच्या विहिरीवर राबले असतील. हे उपकार नाहीत, फेड आहे.

वर्गणी काढण्याआधी योजना बघा

कॅन्सर म्हटलं की पहिला विचार रान गहाण टाकायचा किंवा सावकाराकडे जायचा होतो. थांबा. आधी हे बघा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेल्या या योजनेचं नाव २०१७ मध्ये बदललं. आता ती आयुष्मान भारतसोबत एकत्र चालते. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि आता पिवळं, केशरी, पांढरं असं कोणतंही रेशनकार्ड चालतं. कॅन्सरचं ऑपरेशन, किमो आणि रेडिएशन हे तिन्ही या योजनेत आहेत. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. दाखल होण्याआधी पहिलं तिथे जा. चौकशीसाठी टोल फ्री नंबर १५५३८८ आणि १८००२३३२२००. आयुष्मान कार्डासाठी १४५५५.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. ही योजना कॅशलेस आहे. आधी खिशातून बिल भरायचं आणि नंतर पैसे परत मागायचे, अशी ती नाही. म्हणून रुग्णालय योजनेत आहे का, हे उपचार सुरू व्हायच्या आधी विचारा.

नावाचा घोळ. बायांच्या बाबतीत हमखास अडतं ते इथे. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं. किंवा विभक्त रेशनकार्ड काढलं आणि त्यात बाईचं नाव चढलंच नाही. हे दुरुस्त करायला तहसीलला खेटे मारावे लागतात. त्या वेळी घरधनी दवाखान्यात असतो. गावातलं सेवा केंद्र चालवणारा पोरगा किंवा तलाठी कार्यालयाची माहिती असणारा कुणी हे काम अंगावर घेत असेल, तर ती हजारो रुपयांची मदत आहे.

धर्मादाय रुग्णालयं. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना महाराष्ट्रात कायद्याने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा आणि रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारा.

मुख्यमंत्री सहायता निधी. योजनेत न बसणाऱ्या उपचारासाठी इथे अर्ज करता येतो. उत्पन्नाचा दाखला, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक, रिपोर्ट आणि आधार लागतं. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात. जिल्हाधिकारी कार्यालयात यासाठी कक्ष आहे.

जिल्हा परिषद. बऱ्याच जिल्हा परिषदा स्वतःच्या सेस फंडातून कॅन्सरसारख्या दुर्धर आजारासाठी एकरकमी मदत देतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात अर्जाची चौकशी करा.

संजय गांधी निराधार अनुदान योजना. कॅन्सरचा रुग्ण काम करू शकत नसेल आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल, तर महिना १,५०० रुपये मिळू शकतात. अर्ज तहसील कार्यालयात. मंजुरीला वेळ लागतो, त्यामुळे उशीर करू नका.

मग वर्गणी कशासाठी?

योजना दवाखान्याचं बिल बघते. पण प्रवास, शहरात राहणं, सोबतच्या माणसाचं जेवण, बाहेरून करायच्या काही तपासण्या आणि बुडालेली मजुरी हा सगळा खर्च घरावरच पडतो. गावातून पैसे गोळा करायचे तर यासाठी करा.

एकदम मोठी रक्कम जमवून मोकळं होण्यापेक्षा दर महिन्याला थोडी थोडी दिलेली बरी. भिशी चालवता ना, तसंच. वीस घरांनी महिना दोनशे दिले तर चार हजार होतात. दोन किमोच्या प्रवासाला त्याचा मोठा आधार होतो.

हिशेब दोन माणसांकडे ठेवा. जमा आणि खर्च वहीत लिहा. पैसे पेशंटच्या किंवा तिच्या नवऱ्याच्या बँक खात्यात थेट गेले तर सगळ्यात चांगलं. मात्र कुणी किती दिले याची यादी देवळासमोर वाचू नका. ज्याला पन्नास रुपयेच जमले, त्याची मान खाली जायला नको.

दवाखान्याच्या गावी जाताना

आपल्याकडचे पेशंट बहुतेक मुंबईच्या परळला टाटा मेमोरियलमध्ये जातात. १९४१ मध्ये सुरू झालेलं हे रुग्णालय देशभरातल्या पेशंटचा आधार आहे. पण सगळ्यांनी मुंबईच गाठायला हवी असं नाही. बार्शी, मिरज, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथेही कॅन्सरची रुग्णालयं आहेत. एकदा उपचार ठरला की पुढचे किमो जवळ घेता येतील का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. काही जिल्हा रुग्णालयांत दिवसभरात किमो देऊन घरी सोडण्याची सोय सुरू झाली आहे. जवळ सोय झाली तर त्या ७५ दिवसांतले कितीतरी दिवस वाचतात.

फाईल: सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका प्लास्टिकच्या फाईलीत लावा. दोन झेरॉक्स संच करा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. बायोप्सी दुसरीकडे झाली असेल तर तिथून स्लाईड आणि ब्लॉक मागून घ्या. मोठी रुग्णालयं ते पुन्हा तपासायला मागतात. ते नसले तर एक फेरी फुकट जाते.

रेल्वे: उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री टियर एसीमध्ये भाडं लागत नाही, सोबतच्या एका माणसाला तिथे ७५ टक्के सूट आहे. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यायचं आणि तिकीट स्टेशनच्या खिडकीवर काढायचं.

एसटी: मार्च २०२३ पासून सगळ्या बायांना अर्धं तिकीट आहेच. कॅन्सरच्या रुग्णांसाठी एसटीची वेगळी सवलतही आहे. पुरुष पेशंट असेल तर आगारात कागद दाखवून ती जरूर विचारा.

राहणं: मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. अशा ठिकाणी कमी पैशात राहायची सोय होते. रुग्णालयातल्या मेडिकल सोशल वर्करला भेटून चिठ्ठी मागा. जागा लगेच मिळेलच असं नाही, म्हणून पहिल्या भेटीतच नाव घाला.

सोबत: दर वेळी नवऱ्यानेच जायला हवं असं नाही. बहीण, जाऊ किंवा शिकलेली भाची एखाद्या किमोला गेली तर घरधन्याला दोन दिवस रानात काढता येतात. गावातला जो कुणी मुंबईत नोकरीला आहे, त्याला आधी फोन करा. स्टेशनवर घ्यायला आलेला ओळखीचा चेहरा त्या गर्दीत फार मोठा आधार असतो.

रक्त: किमो आणि ऑपरेशनच्या काळात रक्ताची गरज पडू शकते. गावातल्या तरुणांची रक्तगटासह यादी करून ठेवा. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ च्या वर हवं. पुरुषाला तीन महिन्यांनी, बाईला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं.

पेशंट घरी आल्यावर

कॅन्सर हा लागट रोग नाही. एका ताटात जेवल्याने, जवळ बसल्याने, कपडे एकत्र धुतल्याने तो होत नाही. पोरांना त्या घरी जाऊ देऊ नका असं कुणी म्हणत असेल, तर त्याला तिथल्या तिथे समजावून सांगा.

धोका उलट बाजूने असतो. किमोनंतर साधारण एक ते दोन आठवड्यांनी पेशंटची ताकद सगळ्यात कमी झालेली असते, आपला साधा सर्दी-खोकला तिला महागात पडतो. म्हणून या दिवसांत भेटायला गर्दी करू नका. सर्दी, ताप, कांजिण्या असलेल्याने तर उंबऱ्यावरही जाऊ नये. दारावर "भेटायला संध्याकाळी, दोघांनीच" अशी पाटी लावली तर राग मानू नका.

ताप १००.४ फॅरनहाईटच्या वर गेला तर घरी क्रोसिन देऊन सकाळची वाट बघत बसू नका. किमो चालू असलेल्या माणसाचा ताप म्हणजे इमर्जन्सी. लगेच किमोच्या डॉक्टरांना फोन करा आणि दवाखाना गाठा, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. गाडी कुणाची, हे वहीत आधीच लिहिलेलं हवं. नाहीतर १०८ ला फोन करा.

जेवण देणार असाल तर ताजं, पूर्ण शिजलेलं द्या. पाणी उकळून. तोंडाला फोड आले असतील तर तिखट नको; मऊ भात, मुगाचं वरण, चांगली शिजवलेली अंडी, ताजं घरचं दही डॉक्टर चालेल म्हणाले तर द्या. थोडं थोडं, पाच-सहा वेळा. ती जेवली नाही म्हणून नाराज होऊ नका, किमोने तोंडाची चव जाते.

पहिल्या किमोनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळायला लागतात. उपचार संपल्यावर ते परत येतात. पण तोवर बाई आरशासमोर जात नाही, बाहेर निघत नाही. या काळात गावातल्या बायांनी एक गोष्ट करावी. हळदीकुंकवाला तिला बोलवा. डोक्याला पदर असो, रुमाल असो, ओटी भरा आणि शेजारी बसवून घ्या. यायला जमणार नसेल तर दोघी-तिघींनी वाण घरी नेऊन द्या. औषधाच्या चिठ्ठीवर हे लिहिलेलं नसतं, पण याने माणूस उभं राहतं.

व्हॉट्सअॅपवर काय टाळायचं?

पेशंटचा फोटो: तिला विचारल्याशिवाय टक्कल पडलेला, नळ्या लावलेला फोटो ग्रुपवर टाकू नका. तो नातेवाइकांच्या, पोरांच्या शाळेतल्या मित्रांच्या मोबाईलवर जातो आणि कायमचा राहतो.

आधार, बँक पासबुक, रिपोर्ट: हे मोठ्या ग्रुपवर टाकू नका. ज्यांना गरज आहे त्यांनाच पाठवा. मदतीचा मेसेज उचलून स्वतःचा क्यूआर कोड लावणारे भामटे असतात. कुठलाही फॉरवर्ड आलेला क्यूआर स्कॅन करण्याआधी गावातल्या माणसाला फोन करून खात्री करा.

झाडपाल्याचे मेसेज: अमुक पानाचा रस प्या, तमुक बाबाकडे जा, किमो घेऊ नका, असे मेसेज रोज येतात. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण उपचार मध्येच थांबवला तर बरा होणारा कॅन्सर हाताबाहेर जातो. काहीही द्यायचं असेल तर आधी किमोच्या डॉक्टरांना विचारा, कारण काही काढे-औषधं किमोला अडथळा करतात. देवाला नवस जरूर करा, पण तारीख चुकवू नका.

"आमच्या पाहुण्यात एकाला झाला होता, तो गेला": हे वाक्य पेशंटच्या घरात बोलू नका. एवढंच.

मुलांना विसरू नका

मोठी माणसं कुजबुजतात आणि मुलांना बाहेर खेळायला पाठवतात. मुलांना सगळं कळतं, फक्त अर्धवट कळतं. सहावीतल्या पोराला वाटू शकतं की आपण त्रास दिला म्हणून आई आजारी पडली. म्हणून त्याला साध्या शब्दांत सांगा: आईला कॅन्सर नावाचा आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, तो तुला होणार नाही, डॉक्टर औषध देतायत, तिचे केस जातील आणि परत येतील. शेवट काय होईल हे कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे खोटं वचन देऊ नका. "जे होईल ते तुला सांगू" एवढं नक्की म्हणा.

वर्गशिक्षकांना पहिल्याच आठवड्यात कळवा. दहावीला ७५ टक्के हजेरी लागते. मुलगी महिन्यातले दहा दिवस घरी राहिली तर फॉर्मचीच अडचण होते. डबा आणि धार गावाने उचलली तर तिची शाळा सुटत नाही. एखाद्या मैत्रिणीच्या घरी रात्री अभ्यासाची सोय झाली तर अजून बरं. त्या घरातलं सगळ्यात मोठं नुकसान बरेचदा हेच असतं: आई बरी होऊन येते, पण पोरीचं शिक्षण तोवर थांबलेलं असतं, आणि पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरतं.

आईला किंवा वडिलांना दुर्धर आजार असलेल्या मुलांसाठी राज्य सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना आहे. पात्र मुलाला महिना २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. अंगणवाडी ताईंना विचारलं तरी त्या वाट दाखवतील. मुलांच्या कुठल्याही अडचणीसाठी चाईल्ड हेल्पलाईनचा नंबर १०९८.

उपचार लागू पडला नाही तर

प्रत्येक पेशंट बरा होतोच असं नाही. उशिरा लक्षात आलेल्या कॅन्सरमध्ये डॉक्टर कधी सांगतात की आता आजार जाणार नाही, त्रास कमी करू. तेव्हाही मदत थांबवू नका. दुखणं सहन करत पडून राहायची गरज नसते. दुखणं कमी करण्यासाठी मॉर्फिनसारखी औषधं आहेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती सुरक्षित असतात. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना कमी करण्याची सेवा मिळते, तिथे चौकशी करा. या दिवसांत रात्री जागायला पाळी लावणं, ही सगळ्यात मोठी सावड आहे.

आणि बरी झाली, तर शेवटच्या लाईटनंतर लगेच वही बंद करू नका. दोन-तीन महिने थकवा राहतो. ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताने जड घागर उचलायची नसते, धारही लगेच जमत नाही. तपासणीच्या फेऱ्याही पुढे काही वर्षं सुरू राहतात.

याचा फायदा अख्ख्या गावाला

ती बाई चार महिने गाठ लपवून का बसली? खर्चाच्या भीतीने, आणि गाव काय म्हणेल या भीतीने. पुढच्या आळीत आणखी एखादी बाई आज तसंच काहीतरी लपवत असेल. कुणाच्या तोंडात तीन आठवडे न भरणारी जखम असेल आणि तो तंबाखूचा विडा दुसऱ्या गालात धरत असेल. तुम्ही या एका घराशी कसे वागता, हे ते दोघं बघतायत. या घराला सावड मिळाली तर ते उद्या दवाखान्यात जातील. हे घर वाळीत पडलं तर ते आणखी चार महिने गप्प बसतील.

तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तोंडाची, आणि बायांची स्तन व गर्भाशयाच्या मुखाची तपासणी आरोग्य उपकेंद्रात मोफत होते. आशाताई फॉर्म घेऊन आल्या की त्यांना परत पाठवू नका.

आणि एक काम आजच करा. घरातलं रेशनकार्ड काढा आणि आधारशेजारी ठेवून नावं ताडून बघा. घरातल्या बाईचं नाव दोन्हीकडे सारखं नसेल, तर दुरुस्ती आत्ताच करून घ्या. दवाखान्याच्या रांगेत उभं राहून ते काम होत नाही.